अर्ज कुणी दिलाय?

इंग्लंडमधल्या रेडिंग शहराच्या पूर्व भागात अठरा घरांची एक विटकरी इमारत आहे. नव्वदच्या दशकातली, तळमजला आणि वर दोन मजले. त्यात मराठी घरं दोन. तळमजल्यावर भाऊकाका, शहरात तीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. वरच्या मजल्यावर एक तरुण जोडपं. त्यांना आपण लेक आणि सूनबाई म्हणू, कारण या गोष्टीतल्या माई त्यांना तसंच म्हणतात.

या इमारतीत इंटरनेट येतं ते तांब्यावरून. रस्त्याच्या पार टोकाला एक हिरवं लोखंडी कपाट उभं आहे. एक्स्चेंजपासून त्या कपाटापर्यंत काचेची तार, म्हणजे फायबर. आणि कपाटापासून घरापर्यंत जुनी टेलिफोनची जोडतार. इतकी वर्षं कंपन्यांनी हेच 'फायबर' या नावाने विकलं, आणि लोकांनीही घेतलं. कपाटाला चिकटून राहणाऱ्याला यातून 80 मेगाबिटपर्यंत वेग मिळतो. पण तांब्यात सिग्नल अंतरागणिक मरत जातो, आणि ही इमारत कपाटापासून जवळजवळ किलोमीटरभर लांब. त्यामुळे खाली उतरणारा वेग पंचविसाच्या आसपास आणि वर जाणारा चार-पाच. सिनेमा बघायला पंचवीस पुरतात. दोघांना घरून काम करायचं असेल तर ते चार-पाच पुरत नाहीत; आपला आवाज, आपला चेहरा, आपल्या फायली सगळं त्या अरुंद बोळातूनच बाहेर पडायचं असतं.

2023 च्या वसंतात रस्ता खणला गेला. फुटपाथवर छोटी झाकणं बसली आणि समोरच्या रांगेतल्या घरांना खरंखुरं, घरापर्यंत काच असलेलं फायबर मिळालं. इमारतीत कुणी आलं नाही. इमारतीचा पोस्टकोड टाकला की संकेतस्थळावर एवढंच दिसायचं: तुमच्या भागात काम सुरू आहे.

हे वाचून वरच्या मजल्यावर आनंद झाला. लेकाने त्या पानाची खूणच करून ठेवली.

जानेवारी 2024 मध्ये त्याचा ब्रॉडबँडचा करार संपत होता. ब्रिटनमध्ये 2020 पासून ऑफकॉम या नियामकाचा दंडक आहे की, करार संपण्याच्या दहा ते चाळीस दिवस आधी कंपनीने ग्राहकाला तसं कळवावं: आता काय भरता, नंतर किती पडेल, नव्याने करार केलात तर आमचा सगळ्यात चांगला दर कोणता. लेकालाही ईमेल आली. नव्याने सही केली तर महिना 29 पौंड, मुदत 24 महिने. काहीच केलं नाही तर 43 पौंड, पण केव्हाही तीस दिवसांच्या नोटिशीवर मोकळे.

त्याने काहीच केलं नाही. कारण विचारलं असतं तर त्याने ते नीट सांगितलं असतं. चोवीस महिन्यांची सही केली आणि तीन महिन्यांत फायबर दारात आलं, तर उरलेल्या महिन्यांचा दंड भरल्याशिवाय सुटका नाही. त्यापेक्षा चार महिने जास्त पैसे भरलेले परवडले. यात चूक काढता येणार नाही. मी त्याच्या जागी असतो तर मीही हेच केलं असतं. फक्त चार महिन्यांचे आठ झाले, आठाचे बारा, तरी हिशेब तोच राहिला. दर एप्रिलला होणारी दरवाढही त्याने दोनदा मुकाट्याने भरली. रोज रात्री झोपण्याआधी तो ते पान उघडायचा. तुमच्या भागात काम सुरू आहे.

खाली भाऊकाकांची तऱ्हा उलटी. कंपनीचं पत्र आलं की त्याच दिवशी फोन आणि त्याच दिवशी होकार. मुदत किती, दरवाढ किती, मधे सोडलं तर काय, हे विचारायचंच नाही. "डोक्याला ताप नको," हे त्यांचं धोरण. नोव्हेंबर 2024 मध्ये त्यांनी पुन्हा दोन वर्षांसाठी मान डोलावली. गणपतीत, दिवाळीत, जिन्यात भेट झाली की दोघांचा वाद ठरलेला.

"अरे, तू नुसताच जास्त पैसे भरतोयस," काका म्हणत.

"आणि तुम्ही स्वतःला बांधून घेतलंत, काका. फायबर आलं की पस्तावाल."

"येऊ दे तर खरं."

एकमेकांची चूक दोघांनाही लख्ख दिसत होती.

एप्रिल 2025 मध्ये पुण्याहून माई आल्या. व्हिजा सहा महिन्यांचा. पहिल्या आठवड्यातच या घरातल्या गोष्टी त्यांच्या लक्षात आल्या. सूनबाई मीटिंगमध्ये कॅमेरा बंद ठेवून बसते. दुपारी लेकाने ऑफिसची मोठी फाइल पाठवायला घेतली की सूनबाईचा आवाज तुटतो, मग दाराबाहेर हातवारे होतात, आणि संध्याकाळी त्याच हातवाऱ्यांचं भांडण होतं. एकदा तर माई कोथरूडच्या मैत्रिणीला व्हिडिओवर बागेतली ट्यूलिपं दाखवत होत्या, तेव्हा सूनबाई हळूच येऊन म्हणाली, "आई, दहा मिनिटं व्हिडिओ बंद ठेवाल का? माझं प्रेझेंटेशन आहे." माईंनी लगेच बंद केला. राग नाही आला, पण डोक्यात चक्र फिरायला लागलं.

रात्री जेवताना त्यांनी विषय काढला. "समोरच्या घरांमध्ये ते चांगलं इंटरनेट आहे ना रे?"

"हो. दोन वर्षं झाली."

"मग आपल्याकडे?"

"येणारे."

"कोण म्हणालं?"

लेकाने फोनवर ते पान दाखवलं. माईंनी चष्मा लावून वाचलं. "यात तारीख नाहीये."

"तारीख देत नाहीत आई ते. पण इथल्या तांब्याच्या जाळ्याची जी मोठी कंपनी आहे ना, ओपनरीच, तिनेच 2026 च्या अखेरीपर्यंत अडीच कोटी घरांपर्यंत फायबर न्यायचं जाहीर केलंय. म्हणजे फार तर पावणेदोन वर्षं."

"या अडीच कोटींत आपलं घर आहे असं कुठे लिहिलंय?"

लेक गप्प.

"अर्ज कुणी दिलाय?"

"असा अर्ज नसतो गं. इथे कंपनीच येते."

इथे माईंबद्दल थोडं सांगायला हवं. त्या कोथरूडच्या एका सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सलग अकरा वर्षं सचिव होत्या. 1960 च्या सहकारी कायद्यातली कलमं त्यांना पाठ नव्हती. पण सर्वसाधारण सभेचं इतिवृत्त, ना हरकत पत्र, पोच घेतलेली प्रत या तीन गोष्टींवर जग चालतं यावर त्यांचा पूर्ण विश्वास. त्यांच्या सोसायटीसमोरून पाइपच्या गॅसची लाइन गेली तेव्हा दोन्ही बाजूच्या सोसायट्यांत गॅस आला, यांच्याकडे नाही. सभासद म्हणत, गॅसवाले येतील. गॅसवाल्यांच्या दप्तरात नोंद होती: सोसायटीचं ना हरकत पत्र प्रलंबित. ते पत्र कुणाकडे मागितलं होतं, तर आधीच्या सचिवांकडे, आणि ते सिलिंडर संपला की मुलाच्या नावावरचा दुसरा आणत. दीड वर्ष असं गेलं. माई निवडून आल्या त्या याच रागातून.

तेव्हा "इथे कंपनीच येते" यावर त्यांचा विश्वास बसणं अवघडच होतं.

दुसऱ्या दिवशी लेकाने जेवणाच्या सुट्टीत आईच्या समाधानासाठी फोन लावला. आधी स्वतःच्या ब्रॉडबँड कंपनीला. ते म्हणाले, आम्ही फक्त विकतो. जाळं टाकणारे वेगळे. मग जाळं टाकणाऱ्यांना. तिथल्या मुलीने पत्ता घातला, थोडी थांबली आणि म्हणाली, "तुमच्या इमारतीच्या मालकाची परवानगी आलेली नाही. आम्ही 2023 मध्ये पत्र पाठवलं होतं."

हा धागा मराठी वाचकाला जरा उलगडून सांगितला पाहिजे. आपल्याकडे सोसायटी म्हणजे सभासदांचीच संस्था. इंग्लंडमध्ये फ्लॅट बहुतेक भाडेपट्ट्यावर असतो; शंभर-सव्वाशे वर्षांचा पट्टा, त्याला 'लीजहोल्ड' म्हणतात. आतलं घर तुमचं. जमीन, बाहेरच्या भिंती, जिना, छत 'फ्रीहोल्डर'चं. तो फ्रीहोल्डर म्हणजे बऱ्याचदा दूरच्या शहरातली एखादी गुंतवणूक कंपनी असते, आणि तिच्या वतीने कारभार बघते एक मॅनेजिंग एजंट संस्था. त्यांचा चेहरा दिसतो तो वर्षातून एकदा, सर्व्हिस चार्जचं बिल येतं तेव्हा. रस्त्यावरच्या सुट्या घराला फायबर द्यायला घरमालकाची ऑर्डर पुरते. इमारतीत जिन्यातून केबल न्यायची तर फ्रीहोल्डरची लेखी परवानगी लागते. तिला 'वेलीव्ह' म्हणतात.

लेकाने मॅनेजिंग एजंटला फोन केला. तिथला माणूस सभ्य होता. त्याने फाइल शोधली, सापडली, आणि तो म्हणाला, "हो, पत्र आलंय. पण इमारतीतल्या कुणीही ही सेवा मागितलेली नाही, म्हणून आम्ही पुढे पाठवलं नाही."

फोन ठेवून लेक थोडा वेळ तसाच बसून राहिला. रहिवासी कंपनीची वाट बघत होते, कंपनी मालकाची, आणि मालकाचा एजंट रहिवाशांची. दोन वर्षं. कुणीच कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं.

संध्याकाळी हे ऐकून माईंनी एकच केलं: कागद मागितला. वहीचा, रेघांचा. त्यावर उभे एक ते अठरा आकडे घातले: सेवा मागणाऱ्या पत्रासाठी प्रत्येक घराची एक सही.

पण त्याआधी आणखी एक कागद झाला. लेकाच्या लॅपटॉपवर फायबरचा एक मोठा तक्ता होता. कोणती कंपनी किती वेग देते, कुणाचा राउटर चांगला, कोण सुरुवातीला व्हाउचर देतं, सगळे रकाने भरलेले. माईंनी विचारलं, "करार संपल्यापासून दर महिन्याला जास्तीचे किती गेले, ते कुठे आहे यात?" तो रकाना नव्हता. सूनबाईने कॅलक्युलेटर घेतला. दरमहा चौदा पौंडांच्या फरकाने, जानेवारी 2024 पासून आजवर, दोनशे पौंडांच्या पुढे.

"म्हणजे वीस हजारांच्या वर," माई म्हणाल्या. इतक्या वर्षांत लेकाला पौंडांचे रुपये करण्याची सवय सुटली होती. त्या दिवशी पुन्हा लागली.

आता गंमत अशी की, पत्र लिहायचं ठरलं तसा लेक पुन्हा जुन्याच वाटेला लागला. "आता तर परवानगी मिळेलच. मग नवा करार कशाला? थांबू या थोडं."

माईंनी डोळे मिटून घेतले. "अरे, आमच्या गॅसला ना हरकत दिल्यापासून नऊ महिने लागले होते. पत्र आजच जाईल. उत्तर कधी येईल? मग माणसं कधी येतील? तोवर दर महिन्याला चौदा पौंड कशाचे द्यायचे? वाट बघायची तर बघ, पण ती स्वस्तात बघ."

मग दोघा नवराबायकोंनी एका रविवारी बसून जे करायला हवं होतं ते केलं. ते फारसं अवघड नव्हतं, म्हणूनच सव्वा वर्ष राहून गेलं असावं. कंपनीकडे चोवीस महिन्यांशिवाय बारा महिन्यांचाही करार होता, दोन पौंड महाग. एका महिन्याचाही होता, पण तो जवळपास आत्ताच्या दराचाच. लेकाने फोनवर सरळ विचारलं: या बारा महिन्यांत माझ्या पत्त्यावर पूर्ण फायबर आलं आणि मी तुमच्याकडेच राहिलो, तर मधेच बदलायचा दंड पडेल का? पलीकडून उत्तर आलं, नाही. मात्र त्या दिवसापासून नवा करार सुरू होईल. "हे मला ईमेलवर द्या," लेक म्हणाला. शेजारी बसलेल्या माईंनी मराठीत पुस्ती जोडली, "पोच घे." आणखी एक प्रश्न सूनबाईने सुचवला, एप्रिलमध्ये दर किती वाढणार. जानेवारी 2025 नंतरच्या करारात ही वाढ महागाईच्या टक्क्यांत न लिहिता पौंड-पेन्समध्येच आधी सांगावी लागते, त्यामुळे तो आकडाही मिळाला. फोनवरून केलेला करार चौदा दिवसांत रद्द करण्याची मुभा असतेच. दुसरी एखादी कंपनी चांगली निघाली असती तर सप्टेंबर 2024 पासून जुन्या कंपनीशी बोलण्याचीही गरज उरलेली नाही. नवी कंपनीच सगळं बदलून घेते. पण इथे त्याच कंपनीत राहण्यात मधल्या बदलाची सोय होती. सही झाली. बिल 31 वर आलं.

भाऊकाकांना हे कळलं तेव्हा त्यांनी आधी हात झटकले. "माझं नोव्हेंबर 2026 पर्यंत बांधलेलं आहे. मला या यादीचा काय उपयोग?"

"भाऊ, सही तुमच्या बिलासाठी नकोय," माई म्हणाल्या. "अठरातलं एक घर म्हणून हवीये. आणि तुम्ही इथे सगळ्यांत जुने. पहिल्या नंबरावर तुम्हीच."

काकांनी सही केली. नुसती सही नाही, फराट्यासकट जुन्या वळणाची.

मग सुरू झाल्या माई आणि सूनबाईच्या फेऱ्या. सूनबाईने तीन वर्षांत या इमारतीतली जेमतेम तीन दारं वाजवली होती. तीही पार्सल चुकून आलं म्हणून. माईंचं इंग्रजी जेमतेम, पण दार उघडलं की त्या आधी हसायच्या, मग यादी पुढे करायच्या, मग सूनबाईकडे बघायच्या. पाच नंबरच्या पोलिश इलेक्ट्रिशियनने तर त्यांना जिन्यामागे नेऊन दाखवलं. तिथे तळापासून छतापर्यंत केबलसाठीच ठेवलेली उभी नळी होती, अर्धी रिकामी. "भोकं पाडायची गरजच नाही," तो म्हणाला. माईंनी सूनबाईला तिथल्या तिथे फोटो काढायला लावला. हा फोटो पुढे फार कामाला आला. 2017 च्या ग्रेनफेल टॉवरच्या आगीपासून इंग्लंडमधले इमारतमालक भिंतीला भोक पाडू द्यायला फार बिचकतात. मजल्यामजल्यांमधला अग्निरोधक अडसर फुटला तर जबाबदारी त्यांच्यावर येते. एजंट नुसताच आळशी होता असं म्हणून चालणार नाही. त्याच्या मनात ही भीती होती, आणि ती दूर करणारं कुणी त्याच्याशी बोललंच नव्हतं.

नऊ नंबरच्या एकट्या राहणाऱ्या आजीबाई मात्र सही करेनात. त्यांच्या गळ्यात लाल बटणाचा लोलक होता; पडल्या-झडल्या तर ते दाबायचं, टेलिफोनच्या तारेतून मदतकेंद्राला निरोप जातो. नवं फायबर आलं की हा फोन बंद पडेल, ही त्यांची धास्ती. सूनबाईने घरी येऊन दोन तास घालून याचा छडा लावला, आणि निघालं ते भलतंच. फायबर येवो न येवो, ब्रिटनमधली जुनी टेलिफोनसेवा जानेवारी 2027 पर्यंत बंदच व्हायची आहे आणि सगळे फोन इंटरनेटवरून चालायचे आहेत. तेव्हा काहीही न करता गप्प राहणं हाच आजीबाईंसाठी सगळ्यांत धोक्याचा मार्ग होता. सूनबाईने त्यांच्या शेजारी बसून दोन फोन लावले. फोन कंपनीला सांगितलं की, या घरात असा लोलक आहे, याची नोंद करा आणि वीज गेली तरी फोन चालेल अशी बॅटरी द्या. लोलकवाल्यांना विचारलं की, हे यंत्र डिजिटल लाइनवर चालतं का. नाही चालत, बदलून देऊ, असं उत्तर आलं. आजीबाईंनी चहा केला, मग सही केली, आणि मग माईंना विणकामाचा एक नमुना दाखवला. तो आता कोथरूडला आहे.

सोळा नंबरच्या गृहस्थांनी सही दिली नाही. "मी इथून लवकरच जाणार आहे," असं ते म्हणाले. काकांनी नंतर सांगितलं की, ते हे सात वर्षं म्हणतायत.

यादीत चौदा सह्या झाल्या. पत्र तीन ठिकाणी गेलं: एजंट, फ्रीहोल्डर, आणि जाळं टाकणारी कंपनी. तिसऱ्या प्रतीला महत्त्व होतं. इंग्लंडमध्ये 2021 चा एक कायदा आहे, 2022 च्या अखेरीस अमलात आलेला, नेमका अशा मुक्या मालकांसाठी. कंपनीने परवानगी मागितली आणि मालकाने नकारही दिला नाही, होकारही दिला नाही, तर कंपनी ठरावीक नोटिसा देऊन न्यायाधिकरणाकडे जाऊ शकते आणि तात्पुरती परवानगी मिळवू शकते. पण त्याला एक अट आहे: इमारतीत राहणाऱ्या एखाद्या भाडेपट्टाधारकाने सेवा मागितलेली असली पाहिजे. एकानेही न मागितलेली गोष्ट कायदाही पुढे नेत नाही. लेकाने हे कलम वाचलं तेव्हा तो हसला. आईला दाखवलं तेव्हा ती हसली नाही, "बरोबरच आहे," म्हणाली.

जून कोरडा गेला. जुलैत कंपनीची पहिली नोटीस मालकाला गेली. ऑगस्टमध्ये एजंट अचानक जागा झाला आणि त्याने नकाशे मागितले. नकाशे गेले, सोबत जिन्यामागच्या नळीचा फोटोही. मग अग्निसुरक्षेचा एक प्रश्न, त्याचं उत्तर, पुन्हा एक प्रश्न. सप्टेंबरच्या अखेरीस माईंचा व्हिजा संपत आला आणि त्या परत गेल्या. फायबरचा एक धागाही तोवर इमारतीत आलेला नव्हता. विमानतळावर लेक म्हणाला, "तू असताना व्हायला हवं होतं." माई म्हणाल्या, "एजंटचं शेवटचं पत्र फाइलला लावलंस ना?"

परवानगीवर सही झाली नोव्हेंबरमध्ये. केबल आली 2026 च्या फेब्रुवारीत. दोन माणसं, दीड दिवस. नळीतून काचेची तार वर गेली, प्रत्येक मजल्यावर एक छोटी पेटी बसली. यापुढे ज्याला हवं त्याने आपापल्या कंपनीकडून घ्यायचं. लेकाने ती जुनी ईमेल काढली, कंपनीला दाखवली. दंड नाही, नवा करार त्या दिवसापासून. सूनबाईने त्या आठवड्यात मीटिंगमध्ये कॅमेरा चालू ठेवला, तर ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने विचारलं, "तू केस कधी कापलेस?"

पहिल्या महिन्यात अकरा घरांनी फायबर घेतलं. काकांनी घेतलं नाही. लेक चकित होऊन खाली गेला. "काका, तुमच्या कंपनीतही दंडाशिवाय बदलून मिळतंय. पहिली सही तुमची होती. आता कशाला थांबलात?"

काकांनी टेबलाच्या खणातून एक कागद काढला. रेघांचा, वहीचा. त्यावर त्यांच्या करारातल्या गोष्टी लिहिलेल्या होत्या. तीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच त्यांनी तो वाचला होता. आत्ताचा दर, फायबरचा दर, फरक महिना सहा पौंड. पुढे लिहिलं होतं: ई-पेपर, बहिणीला व्हिडिओ, संध्याकाळी बातम्या, पंचवीस पुरतात. त्याखाली: नोव्हेंबर 2026, करार संपतो, 10 ऑक्टोबरला फोन करायचा, फोन डिजिटल करून घ्यायचा, बारा महिन्यांचा दर विचारायचा. तारीख लाल पेनाने गोल केलेली.

लेकाने तो कागद दोनदा वाचला. त्यात दुरुस्त करण्यासारखं त्याला काही सापडलं नाही.

"तोवर क्रिकेटचं काय?" त्याने विचारलं. "तुमच्याकडे मॅच मधेच अडकते."

"मॅचला वर येईन की," काका म्हणाले. "सूनबाईला सांग, साखर कमी."